नुसतं "२७५" म्हणू नका

ट्रॅक्टरच्या पार्टच्या दुकानात जाऊन "२७५चं हेड गॅस्केट द्या" म्हटलं, की काउंटरवरचा मुलगा रॅकमधून जे काढून देतो ते तीन सिलिंडरचं असतं. त्याचं काही चुकत नाही. आज आग्रा रोडवर कांद्याच्या ट्रॉल्या ओढताना दिसतो तो महिंद्रा २७५ डीआय तीन सिलिंडरचाच आहे, २०४८ सीसीचा. आमच्या शेडमधला आहे बी-२७५. चार सिलिंडर, १९६८ सालचा. आकडा तोच, रंगही लालच, पण इंजिन पूर्ण वेगळं. आमच्याचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ३ ३/८ इंच, म्हणजे ८५.७ मिलिमीटर, नव्याचा ८८.९. पिस्टन, रिंगा, गॅस्केट, नोझल, यातलं एकही एकमेकांना चालत नाही.

म्हणून जुना ट्रॅक्टर उभा करायला घेतलेल्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते: नाव सांगून पार्ट मागू नका. जुना पार्ट पिशवीत घालून न्या आणि काउंटरवर ठेवा. गंजलेला असो, तुटलेला असो, दोन तुकडे झालेले असोत. आणि नवा बसला, गाडी चालू झाली, तरी जुना लगेच फेकू नका. एक हंगाम जाऊ द्या. या गाड्यांचं पार्ट बुक आता क्वचितच कुणाकडे सापडतं. तो झिजलेला लोखंडाचा तुकडाच तुमचं पार्ट बुक आहे.

हा ट्रॅक्टर आजोबांनी घेतला. आमचं गाव निफाड तालुक्यात, कादवेच्या काठी. तेव्हा सगळा ऊस होता आणि भाऊसाहेबनगरच्या कारखान्यावर ऊस वाहायला हाच जायचा. नाना, म्हणजे माझे वडील, यावरच चालवायला शिकले. पुढे शिवारात द्राक्षबागा आल्या. बागेच्या ओळीत ब्लोअर घेऊन फिरायला अरुंद मिनी ट्रॅक्टर लागतो, हा तिथे वळत नाही. तो शेडमध्ये गेला, त्याच्यावर कांद्याच्या गोण्या आल्या, मग जुनी ठिबकची नळी आली. चुलतभाऊ किलोच्या भावाने द्यायला निघाला होता. मी म्हटलं, मला दे.

बोनटखालची पितळी पाटी घासली तेव्हा त्यावर "इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया" असं नाव निघालं. १९६३ साली महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि आपली व्होल्टास या तिघांनी मिळून ही कंपनी काढली होती. ट्रॅक्टर बनायचा कांदिवलीला, पण त्याचं मूळ डिझाइन इंग्लंडमधल्या डॉनकास्टरच्या कारखान्यातलं. १९७७ मध्ये कंपनी महिंद्रात विलीन झाली. हा इतिहास मी कौतुकापोटी सांगत नाही. पार्ट शोधताना तो पदोपदी उपयोगी पडतो, कारण त्यामुळे कळतं की हा ट्रॅक्टर इंचात जन्मलेला आहे आणि त्याचे भाऊबंद इंग्लंडात अजून जिवंत आहेत.

मी सातपूरला एका कंपनीत स्टोअर सांभाळते. नंबर, माप, लेबल यात दिवस जातो. त्यामुळे गाडी खोलायला घेतली तेव्हा चाचांना (आमचे मिस्त्री, नानांच्या वेळेपासून हेच) मी एकच अट घातली, की काढलेला प्रत्येक पार्ट आधी माझ्या हातात येईल. चाचा हसले नाहीत. म्हणाले, "ताई, असंच पाहिजे. लोक डब्यात सगळे बोल्ट एकत्र टाकतात आणि मग मला विचारतात, हा कुठला." प्रत्येक पार्टला तारेने पत्र्याचं लेबल, त्यावर खिळ्याने ठोकलेला नंबर, आणि वहीत त्या नंबरापुढे माप. कागदी लेबल डिझेलने भिजून फाटतं, मार्कर रॉकेलमध्ये पुसतो. पत्र्यावर ठोकलेलं टिकतं.

सगळ्यात सोपी बेरिंगं. लोक उगीच घाबरतात. बेरिंग कुठल्या ट्रॅक्टरचं आहे याच्याशी दुकानदाराला काही देणंघेणं नसतं, त्याला फक्त कडेवरचा नंबर लागतो. मातीचा थर तारेच्या ब्रशने काढा, चिंधी रॉकेलमध्ये भिजवून पुसा, उजेडात तिरपं धरा, नंबर दिसतो. ६३०५ असेल तर शेवटच्या ०५ला पाचाने गुणा: आतला व्यास २५ मिलिमीटर. कुठल्याही कंपनीचं, कुठल्याही देशातलं ६३०५ घ्या, माप तेच येतं. पुढच्या चाकांसारख्या जागी निमुळत्या रोलरचं, इंचातलं बेरिंग असतं. त्यात आतल्या कोनचा नंबर वेगळा आणि बाहेरच्या कपचा वेगळा. एलएम ६७०४८ हा कोन, तर त्याचा कप एलएम ६७०१०. दोन्ही नंबर लिहून न्या आणि जोडी पूर्ण घ्या. जुन्या कपात नवा कोन घालून पैसे वाचत नाहीत, नवा कोनही लवकर जातो.

ऑइल सीलचंही तसंच: शाफ्टचा व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी. पण सीलच्या आधी शाफ्टवरून नख फिरवून बघा. इतक्या वर्षांत सीलच्या ओठाने शाफ्टवर बारीक चर पाडलेली असते. नख अडकलं तर नवं सीलही गळणार. चाचा अशा वेळी सील जागेत थोडं पुढे किंवा मागे बसवतात, म्हणजे ओठ कोऱ्या पट्ट्यावर चालतो. तेवढी जागा नसेल तर टर्नरकडून शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवून घ्यायची.

खरी परीक्षा आट्यांची. ही गाडी इंचातली, आणि आपल्याकडच्या पान्यांच्या पेट्या मिलिमीटरच्या. ९/१६ इंचाचं डोकं १४.३ मिलिमीटर भरतं. १४चा पाना त्यावर जात नाही, १५चा फिरतो आणि कोपरे खातो. आमच्या गाडीवरच्या अनेक बोल्टांची डोकी अशीच गोल झालेली होती. आधीच्या कुणी तरी जोर लावलेला. पाऊण इंचाला मात्र १९चा पाना नीट बसतो, त्यामुळे लोकांना वाटतं सगळंच बसेल. चाचांकडे सुताच्या मापाचे (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जुने पाने आहेत, मुठीला चिंधी गुंडाळलेले, ते मी आता माझ्यासाठीही घेतले.

डोक्यापेक्षा आटे महत्त्वाचे. ३/८चा बोल्ट बारीक आट्याचा असेल तर इंचात २४ आटे, जाड आट्याचा असेल तर १६. डोळ्यांना दोन्ही सारखे वाटतात. त्यात एम-१० नावाचा मिलिमीटरचा बोल्ट जवळपास तेवढाच जाड असतो. कुणी तो हेडच्या भोकात जबरदस्तीने घातला की ओतीव लोखंडाचे आटे मेलेच. पिच गेज हे पात्यांचं छोटं साधन फार स्वस्त मिळतं. ते आट्यांवर टेकवायचं, मागून उजेड धरायचा. फट दिसली नाही की पातं बरोबर. एवढं एक साधन आणि व्हर्नियर पर्समध्ये असेल तर बोल्टाच्या दुकानात कुणाशी वाद घालावा लागत नाही.

डिझेलच्या बाबतीत नाशिककर भाग्यवान आहेत. मायको सर्कल हे नाव ज्या मायकोमुळे पडलं, त्या कंपनीच्या (आता बॉश) इथल्या कारखान्यात नोझल आणि इंजेक्टर बनत आले आहेत. त्यामुळे या शहरात नोझल हातात घेऊन नुसतं वळवलं तरी त्याची तब्येत सांगणारी माणसं भेटतात. अशाच एका डिझेल पंपवाल्या काकांनी मला बी-२७५ आणि २७५ डीआयमधला खरा फरक समजावला. आमच्या इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर पडत नाही, हेडमधल्या छोट्या कप्प्यात पडतं, तिथे हवा भोवऱ्यासारखी फिरत असते. त्यासाठी लागतं ते पिंटल नोझल, ज्याचा नंबर डीएनने सुरू होतो. डीआयमध्ये डिझेल थेट सिलिंडरमध्ये जातं. त्याचं नोझल बारीक भोकांचं, नंबर डीएलएलएने सुरू होणारा, आणि ते उघडायला दाबही जास्त लागतो. काकांनी टेस्ट बेंचवर आमचं जुनं नोझल लावून दाखवलं. धार एका बाजूला तिरकी जात होती आणि शेवटी टोकावर थेंब लोंबत राहिला. मग नवं लावलं. बारीक किरकिर करत धुक्याचा सरळ शंकू बाहेर पडला, टोक कोरडं. हा फरक एकदा डोळ्यांनी बघितला की भंगारातून नोझल घ्यायची इच्छा राहत नाही. बाकी पुष्कळ गोष्टी जुन्या चालतील, नोझल नवंच घ्या आणि सेट करून घ्या.

त्या कप्प्यामुळेच या गाडीला हीटर प्लग, म्हणजे चालू करण्याआधी कप्पा विजेने तापवणारे प्लग, लागतात. कप्प्याच्या थंड भिंती दाबलेल्या हवेची उष्णता खाऊन टाकतात, मग सकाळी इंजिन घेत नाही. निफाडची थंडी ज्यांना माहीत आहे, जिथे पारा पाच अंशांच्या खाली उतरतो, त्यांना मी वेगळं काय सांगणार. आमचे चारही प्लग एकामागून एक, एकाच साखळीत जोडलेले आहेत. एकाची तार तुटली की चारही थंड. गावात अनेकांनी असा ट्रॅक्टर "बॅटरी गेली" म्हणून ढकलून चालू केला असेल. टेस्ट लॅम्प घेऊन एकेक प्लग तपासला की दोषी सापडतो, सगळा संच बदलावा लागत नाही.

क्रँकचं, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचं, काम नाशिकातल्या द्वारकेजवळ झालं. चाचांनी मायक्रोमीटरने प्रत्येक जर्नल (क्रँकचा बेरिंगमध्ये फिरणारा भाग) आडवं आणि उभं, दोन्हीकडून मोजलं. दोन मापांत फरक आला म्हणजे ते अंडाकृती झिजलंय. ग्राइंडिंग करायचं ठरलं तेव्हा त्यांनी सांगितलं ते मला फार पटलं: आधी बेरिंग कुठल्या मापात मिळतायत ते बघा, मग क्रँकला हात लावा. दहा, वीस, तीस थाउ (एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) अशा पायऱ्या असतात आणि शेलच्या, म्हणजे बेरिंगच्या अर्धगोल पट्टीच्या, पाठीवर ०१०, ०२० असं ठोकलेलं असतं. क्रँक दहावर घासून आणला आणि बाजारात फक्त वीसचेच शेल असले तर पुन्हा घासावा लागणार. आम्ही आधी दिल्लीच्या मोरी गेटकडच्या व्यापाऱ्यांना शेलच्या पाठीचे फोटो पाठवले, वीसचे आहेत असं कळलं, ते ट्रान्सपोर्टने येऊ दिले आणि मग ग्राइंडिंगला गेलो. पिस्टन आणि रिंगाही तिथूनच आल्या. दूरच्या दुकानदाराला फोटो पाठवताना पार्टशेजारी व्हर्नियर उघडं ठेवून, आकडा दिसेल असा फोटो काढा. फोनवर अर्धा तास बोलण्यापेक्षा त्याने काम लवकर होतं.

हेड गॅस्केट मात्र इंग्लंडहून मागवावं लागलं. इथे एका ठिकाणाहून आलेलं हेडवर ठेवून बत्तीसमोर धरलं तर पाण्याची दोन भोकं झाकली जात होती. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या पार्टवर नंबर असतो आणि शेवटी आर-१, आर-२ किंवा जोडून आलेल्या संचाला आर-९१ असं असतं. तो नंबर शोधायला टाकला की तिकडचे विक्रेते सापडतात, कारण इंग्लंडात या ट्रॅक्टरची आवड असणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्यासाठी पार्ट अजून बनतात. टपाल आणि कस्टम धरून महाग पडतं. म्हणून मी तिकडच्या पानांचा उपयोग जास्त करून माप बघायला करते. ते लोक मापं मोकळेपणाने लिहितात. माप कळलं की बुश, पिन, वॉशर आपल्याकडचा टर्नर गनमेटलमध्ये किंवा चांगल्या स्टीलमध्ये उत्तम करून देतो.

आता मॅनिफोल्ड. या एका पार्टने मला सगळ्यात जास्त शिकवलं, म्हणून त्यावर थोडं लांबण लावते. धुराचा मॅनिफोल्ड दोन ठिकाणी तडकला होता, आणि कुणी तरी साध्या रॉडने वेल्डिंग मारल्यामुळे तड आणखी पुढे गेली होती. ओतीव लोखंड थंडच वेल्ड केलं की शेजारून तडकतं. आधी सावकाश तापवावं लागतं, निकेलचा रॉड लागतो आणि नंतर राखेत किंवा चुन्यात पुरून हळूहळू निववावं लागतं. आमच्या मॅनिफोल्डमध्ये वेल्ड धरण्याइतकं निरोगी लोखंड उरलं नव्हतं. म्हणून अंबडच्या एका छोट्या फाउंड्रीत गेले. मला वाटत होतं जुना मॅनिफोल्ड वाळूत दाबला की ठसा मिळेल. तिथले दादा म्हणाले, "ताई, हा दाबला तर निघेल तो लहान निघेल." वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं, फुटाला साधारण सूतभर. म्हणजे फूटभर लांबीच्या दोन टोकांची भोकं सूतभर जवळ येणार आणि हेडच्या स्टडवर बसणारच नाहीत. म्हणून लाकडाचा पॅटर्न तेवढा मोठा करायचा. पॅटर्न करणाऱ्यांकडे यासाठी वेगळी पट्टीच असते, तिच्यावरचा प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा किंचित मोठा असतो. ती पट्टी मी हातात घेऊन माझ्या पट्टीशेजारी धरून बघितली. सुरुवातीला दोन्हींच्या रेघा जुळतात, मग हळूहळू सरकत जातात आणि फुटाच्या शेवटी बरोबर सूतभर अंतर पडलेलं असतं.

वर, ज्या तोंडांवर मशिनिंग करायचं तिथे जादा माल ठेवावा लागतो, आणि आतल्या पोकळीसाठी वाळूचा वेगळा गाभा बनवावा लागतो. पॅटर्नचा खर्च ओतकामापेक्षा कितीतरी जास्त आला. पण एकदा झालेला पॅटर्न राहतो. ज्यांच्याकडे हीच गाडी आहे त्यांनी सांगावं, पॅटर्न माझ्याकडे आहे, फक्त ओतायचे पैसे द्यायचे.

रेडिएटरच्या वाकड्या होजसाठी एक सोपी गोष्ट सांगते. जुना होज कडक होऊन तुटलेला असतो, तो दुकानात नेऊन उपयोग नाही. जाड तार घ्या, दोन्ही तोंडांच्या मध्यातून हवी तशी वाकवा, आणि दोन्ही टोकांचा व्यास लिहून ती तारच घेऊन जा. दुकानदार टांगलेल्या होजांमध्ये ती घालून बघतो. कुठल्या तरी ट्रकचा लांब होज दोन्हीकडून कापला की काम होतं.

भंगाराबद्दल माझं मत पक्कं आहे. अंबड लिंक रोडचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ मध्ये हटवला, तेव्हापासून अशी शोधाशोध विखुरली गेली. आता मालेगावपर्यंत जावं लागतं. तिथे सुटे गिअर, अवजार उचलणाऱ्या लिफ्टचे हात, स्टीअरिंगचे बॉक्स मिळतात. गिअर घेताना दातांची संख्या आणि स्प्लाइन (शाफ्टवर बसणाऱ्या भोकातल्या खाचा) मोजा, दातांच्या कडा बोटाने चाचपा. क्लच प्लेटलाही तेच, व्यास आणि स्प्लाइन जुळली की झालं. सुटा पार्ट मिळाला तर जरूर घ्या. पण एका गिअरसाठी कुणाचा पूर्ण, चारही चाकांवर उभा असलेला बी-२७५ फोडायला लावू नका. तसा एक मला स्वस्तात मिळत होता. मालकाचा मुलगा म्हणाला, खोला आणि घेऊन जा. मी चाचांना घेऊन गेले, त्यांनी क्रँक फिरवून बघितला, तो मोकळा होता. आम्ही त्यांना सांगितलं, हा विकू नका, हा चालू होतोय. आता चाचा तिकडेही अधूनमधून जातात.

डायनामो काढून अल्टरनेटर लावा असं बरेच जण सुचवतात. मी लावला नाही. दिवसा चालणारी गाडी, दोन हेडलाइट आणि सेल्फ एवढंच काम. भद्रकालीत आर्मेचर गुंडाळून देणारे कारागीर अजून आहेत, ब्रश मिळतात, कटआउट (डायनामो बॅटरीला जोडणारा-तोडणारा स्विच) साफ केला की चार्जिंग येतं. टायरमध्ये मात्र हट्ट धरला नाही. जुन्यावर ११-२८ लिहिलेलं होतं, तेच माप आता १२.४-२८ नावाने येतं, पुढची ६.००-१६ सहज मिळतात. रंगासाठी पितळी पाटीच्या मागे बघा. तिथे ऊन पोचलेलं नसतं. आमच्याकडे तिथला लाल किंचित केशरीकडे झुकणारा निघाला, आणि रंगवाल्याने तोच जुळवला.

नाना रोज संध्याकाळी शेडमध्ये येऊन बसतात. लिफ्ट पहिल्यांदा वर गेली तेव्हा ते म्हणाले, "पूर्वी याहून जलद जायची." चाचांनी दुसऱ्या दिवशी तेल काढून गाळणी बघितली, ती निम्मी बुजलेली होती. नाना बरोबर होते.

आता एकच मोठी अडचण आहे: डॅशबोर्डवरचं मूळ ऑइल प्रेशरचं मीटर. नवीन मिळतं ते भोकात बसत नाही, आणि भोक कापायला मी तयार नाही. चांदवड, येवला, नांदगावकडे कुणाच्या गोठ्यामागे जुना बी-२७५ पडलेला असेल तर त्याचा डॅशबोर्ड एकदा बघा. मीटरची काच फुटलेली असली, काटा अडकलेला असला तरी चालेल, मागच्या नळीचे आटे तेवढे शाबूत हवेत. बदल्यात मॅनिफोल्ड ओतून देईन.